पाण्याचा दिवस सोडून अल्बम ऐका: नवख्यांसाठी, एका साध्या ऐकणाऱ्याकडनं

सगळ्यात आधी तुमच्या भागात पाणी कधी येणार ते बघा. चेष्टा नाही करत. आमच्याकडं चार-पाच दिवसाआड येतं, कधी रात्री अकराला तर कधी पहाटे, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा जॅझचा अल्बम लावून गच्चीत डोळे मिटून बसलो होतो तेव्हा बरोब्बर नवव्या मिनिटाला खालनं हाक आली, "आवो पाणी आलंय, मोटर लावा." झालं. मोटर, पाईप, पिंप, टाकी, शेजारच्या काकूंच्या दोन घागरी, आणि वर आलो तेव्हा अल्बम संपून अ‍ॅप स्वतःच्या मनानं दुसरंच कायतरी वाजवत बसलं होतं. नऊ मिनिटांत त्या अल्बमचं पहिलं गाणंसुद्धा पुरं होत नाही. पण पुढं वर्षभर मी लोकांना सांगत होतो की हां हां, ऐकलाय की तो.

तर हे लिहितोय ते अशा लोकांसाठी, ज्यांना गाणी भरपूर माहितीयत पण अख्खा अल्बम पहिल्यापासनं शेवटपर्यंत कधी ऐकला नाही, आणि कुणीतरी "क्लासिक अल्बम" म्हणून यादी हातात दिलीय. मी संगीतातला माणूस नाही. सोलापुरात अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात हिशोब बघतो, गळा नाही, एकही वाद्य येत नाही, ताल म्हणाल तर आरतीला टाळ्या चुकतात. तरी गेल्या दोन-अडीच वर्षांत बरेच अल्बम ऐकून झाले, चुका करत करत. त्या तुम्ही करू नका एवढंच.

पायरी १: पाऊण तास काढा

जुने म्हणतात ते बहुतेक अल्बम चाळीस ते पंचेचाळीस मिनिटांचे असतात आणि त्याला कारण आहे. पूर्वीच्या ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेरे) तबकडीवर एका बाजूला जेमतेम तीन-चार मिनिटं मावायची, म्हणून मोठं काही असलं की पाच-सहा तबकड्या पुठ्ठ्याच्या जाड पुस्तकात घालून विकायचे, आपल्या लग्नाच्या फोटोंचं असतं ना तसं, तिथनंच अल्बम हे नाव चिकटलं. मग १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीनं एलपी (लाँग प्ले तबकडी) काढली, मिनिटाला ३३ आणि वर एक तृतीयांश फेरे, एका बाजूला साधारण वीस-बावीस मिनिटं. दोन बाजू मिळून पाऊण तास. म्हणजे करणाऱ्यांनीच मधे एक थांबा धरलेला असायचा, पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं आणि दुसऱ्या बाजूचं पहिलं हे विचार करून ठेवलेलं असायचं. तेव्हा मधे उठायचंच असेल तर रेकॉर्ड जिथं पालटायचे तिथं उठा, चहा तिथं. कुठलं गाणं कुठल्या बाजूला हे अल्बमच्या नावानं शोधलं की मिळतं.

वेळ म्हणाल तर आपल्याकडं रात्री दहानंतर. एप्रिल-मेमध्ये दुपारी गच्चीचा विचारसुद्धा करू नका, आणि खोलीत फॅन पाचवर असला की हळू वाजलेलं काही कळत नाही. लग्नसराईत तर आशाच सोडा.

पायरी २: दोन्ही कान

ही माझी सगळ्यात मोठी चूक. कारखान्यात साहेब कधी हाक मारतील सांगता येत नाही म्हणून मी एकच इअरबड घालायचो, उजवा. पिंक फ्लॉइड ह्या इंग्लंडच्या रॉक बँडचा 'द डार्क साइड ऑफ द मून' (१९७३) मी असा तीन वेळा ऐकला आणि मत झालं की ठीक आहे, बरंच मोकळं मोकळं आहे, एवढं काय त्यात. एका रविवारी घरी दोन्ही कानांत घालून लावला आणि 'टाइम'च्या सुरवातीला घड्याळांचे गजर चहूकडनं असे अंगावर आले की मी खरंच मागं वळून बघितलं. आवाज डावीकडनं उजवीकडं पळतायत, पावलं इकडनं तिकडं जातायत, आणि मी तीन आठवडे अर्धाच अल्बम ऐकत होतो. एक कान बंद पडलेला हेडफोन असेल तर आधी तो बदला, महागडा नको, दोन्ही बाजू चालल्या म्हणजे बास.

आता सेटिंग. शफल (गाणी उलटसुलट क्रमानं वाजवायची सोय) बंद. (स्पॉटिफायनं २०२१ मध्ये पैसे भरणाऱ्यांसाठी अल्बमच्या पानावरचं मोठं शफल बटण काढून टाकलं, गायिका अडेलनं मागणी केली म्हणून, तिचं म्हणणं आम्ही क्रम विचार करून लावतो. पटतंय.) अल्बम संपल्यावर आपोआप पुढचं वाजवायची सोय पण बंद करा, नाहीतर शेवट कुठं झाला तेच कळत नाही. फुकटच्या अ‍ॅपवर मधे जाहिराती येतात, आणि डार्क साइडसारख्या अल्बममध्ये गाणं गाण्यात मिसळलेलं असतं, तिथं मधेच प्रेशर कुकरची जाहिरात आली की चिडचिड होते, तेव्हा एक महिना पैसे भरा किंवा ओळखीच्या कुणाकडं सीडी असेल तर मागा. आणि 'डिलक्स', 'अ‍ॅनिव्हर्सरी' असलं लिहिलेलं असलं तर मूळ अल्बम किती गाण्यांचा ते बघून तिथं थांबा. जॅझवाल्या माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू'त मूळ पाचच गाणी आहेत, पण नंतरच्या बऱ्याच आवृत्त्यांत पाचव्याचंच दुसरं रेकॉर्डिंग सहावं म्हणून जोडलंय. मला वाटलं फोन हँग होऊन तेच परत वाजायलंय.

पायरी ३: वही

शंभर पानी साधी वही. तीन रकाने: कितवं मिनिट, काय झालं, मला काय झालं. तिसरा रकाना महत्त्वाचा, आणि तो अल्बमबद्दल कुठंही काही वाचायच्या आधी भरायचा. कारण एकदा का वाचलं की हा जगातला अमुक नंबरचा अल्बम, की मग तुम्हाला जे वाटलं ते तुमचंच का त्या लिहिणाऱ्याचं हे सांगता येत नाही, मला तरी येत नाही. माझ्या वहीतलं थोडं देतो, हसू नका:

"१:१० – बाई गायला लागली. शब्द नाहीत. आतनं ही म्हणाली, ही बाई रडतीय का गातीय?"
"५:०५ – ढोल एकदम बंद. भूक लागली."
"पूर्ण गाणं – काहीच झालं नाही. परत ऐकणार नाही."
"०:३० – हे शाळेच्या गॅदरिंगला वाजायचं!!"

"भूक लागली" हे पण लिहायचं. सहा महिन्यांनी परत ऐकताना तेच उपयोगी पडतं. स्टार देत बसू नका, त्याऐवजी शेवटी एकच लिहा: परत कधी? उद्या, पुढच्या महिन्यात, का कधीच नाही.

पायरी ४: कुठनं सुरवात करायची

इथं प्रत्येकजण वेगळं सांगेल. मी ज्या क्रमानं सुचवतो तो सोलापुरातल्या कानाला धरून आहे, म्हणजे घरी अभंग, रेडिओला हिंदी, मिरवणुकीला डीजे आणि पूर्व भागात लहानपण गेलं असेल तर तेलुगू पिक्चरची गाणी, एवढ्यावर पोसलेला कान.

पहिला मायकल जॅक्सनचा 'थ्रिलर', १९८२. नऊ गाणी, त्यातली सात अमेरिकेत पहिल्या दहात गेली होती, म्हणजे निम्मी तर तुम्ही न ऐकता ऐकलेलीयत. ओळखीची गाणी असली की भीती वाटत नाही आणि कानाला अनोळखीकडं लक्ष द्यायला सवड मिळते. मला 'बीट इट' पाठ होतं, पण त्यातलं ते सुसाट गिटार एडी व्हॅन हेलन नावाच्या रॉकवाल्याचं आहे हे आत्ता कळलं, आणि आवडलं कुठलं तर सातवं, 'ह्यूमन नेचर', जे आधी नीट कधी ऐकलंच नव्हतं. वहीत: उद्या.

दुसरा आपल्याकडचा, 'कॉल ऑफ द व्हॅली'. साठीच्या दशकातला, शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि ब्रिजभूषण काब्रांची गिटार. काश्मीरच्या खोऱ्यातल्या एका मेंढपाळाचा दिवस, पहाट ते रात्र, म्हणून सुरवात अहिर भैरवनं होते आणि दिवस चढेल-उतरेल तसे राग बदलत शेवट पहाडीत. राग ओळखता येत नसतील तर काही बिघडत नाही, मला आजही येत नाहीत. फक्त हा सकाळी साडेपाचला लावा. मी मोहोळच्या पुढं माळावर मेंढ्या बघत ऐकला एकदा, बस बंद पडली होती म्हणून, आणि शेजारच्या खऱ्या मेंढपाळानं मोबाईलवर फुल आवाजात रिमिक्स लावलं होतं, तेव्हा बासरी काय ऐकू आली नाही.

तिसरा डार्क साइड, तो मघाशी झालाच, पण त्यातल्या 'मनी'बद्दल सांगायलाच पाहिजे. गाण्याच्या सुरवातीला नाणी, गल्ल्याचा आवाज, कागद फाटल्याचा आवाज असं गोल गोल फिरत राहतं आणि त्याच्यावर बास (खालच्या, जाड सुरांची गिटार) चालू होतो. मी टाळी धरायला गेलो तर दर वेळी चुकायची. माझा मावसभाऊ भजनी मंडळात तबला वाजवतो, इंग्रजी गाण्याचा त्याला काडीचा गंध नाही, त्याला एक इअरबड दिला (हो, एकच, तेवढ्यापुरतं चालतंय). दोन मिनिटं मांडीवर बोटं वाजवली आणि म्हणाला, "सात हायत की बे. रूपक धर." आणि ती ती ना धी ना धी ना म्हणत बसला. जोर वेगळ्या जागी पडतात म्हणून रूपक चपखल बसत नाही, पण मात्रा सातच. मग पुढं गिटारचा तुकडा सुरू झाला तसा तो थांबला, "आता चार केले बघ ह्यांनी." खरंच तिथं चारचा ठेका होतो आणि गाणं एकदम मोकळं पळायला लागतं. हे मला एकट्याला दहा जन्मांत कळलं नसतं. म्हणून ह्या पायरीत पोटपायरी: घरात, गल्लीत, नात्यात कुणी ताशा, ढोलकी, पेटी, काहीही वाजवणारा असेल तर त्याला एकदा शेजारी बसवा.

आणि वहीतली ती बिनशब्दांची गाणारी बाई म्हणजे क्लेअर टोरी, ह्याच अल्बमच्या 'द ग्रेट गिग इन द स्काय' गाण्यातली. स्टुडिओत एका दिवसाच्या कामाला बोलावलेली, तीस पौंड मिळाले म्हणे त्या वेळी, पुढं कोर्टात गेली आणि २००५ मध्ये तिचं नाव गाण्याच्या रचनाकारांत लागलं. आपल्याला इंग्रजी शब्द कळत नाहीत हा जो न्यूनगंड असतो तो ह्या एका गाण्यानं जातो, कारण तिथं गायलेले शब्दच नाहीत.

चौथा 'काइंड ऑफ ब्लू', १९५९, पाण्यामुळं हुकलेला तोच. जॅझला लोक उगाच घाबरतात, म्हणजे मीही घाबरायचो, वाटायचं सूटबूट घालून ऐकायचं असतं. पहिलं गाणं 'सो व्हॉट'. आधी पियानो आणि बास काहीतरी कुजबुजतात, मग बास एक वाक्य बोलतो आणि बाकीचे दोन सुरांत उत्तर देतात, मला ते कायम "असं होय" असं ऐकू येतं, आता तुम्हालाही तसंच येणार. ह्याच मावसभावाच्या मंडळातले पेटीवाले काका आहेत, त्यांनी दोन-तीन वेळा ऐकून सांगितलं की हे सगळं काफीचे सूर आहेत, कोमल ग, कोमल नी, पेटीच्या पांढरी दोन पट्टीतला काफी, आणि मधेच अख्खी गाडी तशीच्या तशी काळी दोनवर चढते आणि परत खाली येते. नंतर वाचलं तर बरोबर निघालं, ते लोक त्याला डोरियन म्हणतात, आणि ह्या अल्बमची गंमतच ही की पूर्वीच्या जॅझसारखं क्षणाक्षणाला कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) बदलत न जाता एकाच सुरावळीत बराच वेळ फिरत राहायचं. आपल्याला हे नवीन नाही, आपण रागात तेच ऐकतो. म्हणून मला वाटतं आपल्याकडच्या माणसाला जॅझमध्ये शिरायला हेच दार सोपं आहे.

एक गंमत सांगायची राहिली. काकांची पेटी पहिल्या दिवशी गाण्याशी जुळेचना. आम्ही कुणीतरी जुन्या रेकॉर्डवरनं उतरवलेलं लावलं होतं, सूर जरासे चढे यायचे, काका पेटीला शिव्या घालून दुरुस्तीला टाकायला निघाले होते. नंतर कळलं की मूळ रेकॉर्डिंगच्या वेळी एक टेप मशीन किंचित हळू चालत होती, त्यामुळं पहिल्या बाजूची तिन्ही गाणी बत्तीस-तेहतीस वर्षं सगळ्या जगात थोडी वेगानं, चढ्या सुरात विकली गेली, १९९२ च्या आवृत्तीत दुरुस्त केली. पेटी वाचली. तुम्ही घेताना नंतरची आवृत्ती घ्या.

पुढचे पटापट सांगतो. 'ब्युएना व्हिस्टा सोशल क्लब', १९९७, क्युबातले जुने गायक-वादक, १९९६ मध्ये हवानात सहा दिवसांत रेकॉर्ड केलेला, कॉम्पाय सेगुंदो तेव्हा नव्वदीला टेकलेले आणि इब्राहिम फेरेर गाणं सोडून बूट पॉलिश करत होते. हा कुणालाही लावून द्या, माझ्या सासूबाई शेंगा फोडत फोडत अख्खा ऐकत बसल्या, एक शब्द कळला नाही, म्हणाल्या म्हातारी माणसं आहेत ना, कळतंय आवाजावरनं.

क्राफ्टवेर्क, जर्मनीचे, 'ट्रान्स-युरोप एक्स्प्रेस', १९७७. सगळं मशीनचं. हा ऐकून आमच्या घरी कुणालाच नवल वाटलं नाही. माझं लहानपण अशोक चौकाच्या बाजूला गेलंय, भिंतीपलीकडं आठ लूम, म्हणजे यंत्रमाग. एकच लूम चालू असला की नुसतं खटखट खटखट, डोकं उठतं, पण दुसरा चालू झाला, तिसरा झाला, की प्रत्येकाचा वेग केसभर मागं-पुढं असतो, त्यामुळं ठोके एकमेकांत येतात, लांब जातात, परत येतात, आणि त्यातनं एक वेगळाच ताल तयार होतो जो कुठलाच लूम वाजवत नसतो. त्यावर आम्हाला झोप लागायची, लाईट गेली की जाग यायची. हा अल्बम हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये कुर्डुवाडी ते दौंड खिडकीशी बसून ऐका.

'इलमॅटिक', नास, १९९४, रॅप. चाळीस मिनिटंसुद्धा नाही. शब्द डोक्यावरनं गेले, दुसऱ्यांदा शब्द समोर धरून ऐकला तेव्हा निम्मे गेले. पण तिसऱ्या गाण्याच्या शेवटी अचानक तुतारीसारखं काहीतरी इतकं छान वाजतं, ते कॉर्नेट आहे आणि वाजवणारे नासचे वडील, ओलू दारा. वहीत: पुढच्या महिन्यात.

पायरी ५: नाही आवडला तर

मेटॅलिका ह्या हेवी मेटल बँडचा 'मास्टर ऑफ पपेट्स', १९८६. दोन दिवसांत चार प्रयत्न केले. डोकं दुखलं. ज्या पोरानं हा सुचवला तो आमच्याच ऑफिसात, काळे टीशर्ट घालणारा, त्याला सांगितलं तर असा बघायला लागला जसं काय मी शेंगा चटणीला नावं ठेवली. पण मी वही दाखवली, त्यात लिहिलं होतं कुठं कुठं थांबलो ते, आणि तो म्हणाला, "सर तुम्हाला गाणाऱ्याचा त्रास हाय, वाजवण्याचा नाही. सातवं ऐका फक्त." सातवं 'ओरायन', आठ-साडेआठ मिनिटं, त्यात कुणी गातच नाही. मधे सगळं थांबतं आणि एकटा बास चालू होतो, क्लिफ बर्टनचा, जो त्याच वर्षी स्वीडनमध्ये बसच्या अपघातात गेला, चोविसाव्या वर्षी. ते मी आता महिन्यातनं एकदा तरी ऐकतो. बाकीचा अल्बम अजूनही नाही ऐकवत, आणि त्या पोराशी बोलणं चालू आहे.

तर नाही आवडला की नुसतं "बोअर" लिहून सोडू नका, कशानं नाही आवडला ते एका ओळीत लिहा, आवाज का वेग का लांबी का दिवसच वाईट होता. आणि तीनदा प्रयत्न झाले की बंद करा, चौथा मी केला तसा करू नका. यादी संपवायची परीक्षा नाहीये कुठं.

पायरी ६: एक अल्बम आठवड्याला एक गाणं असा

हे बाकीच्या सगळ्याच्या उलट आहे, मला माहितीय. पण एक तरी गोष्ट अशी ऐका जी मुळात थांबून थांबून ऐकायचीच होती. गीतरामायण घ्या. गदिमांचे शब्द, सुधीर फडक्यांच्या चाली, छप्पन्न गाणी, १ एप्रिल १९५५ पासनं पुणे आकाशवाणीवर आठवड्याला एक, वर्षभर. आता आपण ते एका दुपारी गाडीत लावून संपवतो, आणि पंधराव्या गाण्यापर्यंत सगळ्या चाली एकमेकांत मिसळून जातात. मी आणि आई आठवड्याला एक असं चालू केलं, शनिवारी रात्री जेवण झाल्यावर, पुढचं लावायचं नाही म्हणजे नाही. रोज तेच एक गाणं ऐकायला परवानगी आहे. एका आठवड्यात ते अंगात इतकं मुरतं की बुधवारी टॉवेलचे गठ्ठे मोजताना कडवं तोंडात येतं आणि मोजणी चुकते.

आत्ता चौतिसावं चालू आहे. अडचण एकच, आईला सगळी छप्पन्न पाठ आहेत, आणि शुक्रवारपासनं ती भाकरी थापताना पुढचं गुणगुणायला लागते. तिला गप्प कसं बसवायचं ती पायरी मला अजून सापडलेली नाही.